शिमग्यात दुखणारा गुडघा

शिमगा जवळ आला की माझा गुडघा दुखायला लागतो. खरोखरच दुखतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात गुडघा खोटाही दुखत असे, आणि तो खोटा होता हे कळायला मला वयाची चोवीस वर्षं लागली.

महाडला मी आता दुसऱ्या मजल्यावर राहते. शाळा सुटली, नोकरी सुटली, जिने तेवढे उरले. फाल्गुनातल्या दुपारी गॅलरीत बसलं की खाडीकडून वारं येतं आणि त्यातून राब भाजल्याचा वास येतो. भाताचं रोप जिथे टाकायचं तो तुकडा आमच्याकडे आधी शेण, झाडांची तोडलेली कवळ, पालापाचोळा पसरून भाजून घेतात. डोंगराच्या पायथ्याशी दोन-तीन ठिकाणी धूर दिसतो. आंब्याच्या मोहोरातून बारीक कैऱ्या डोकावत असतात. हा वास आला की माझं सगळं लक्ष कानांकडे जातं, आणि दिवस उतरता उतरता कुठल्यातरी वाडीतून ढोलाचा पहिला ठोका येतोच. हल्ली कधी कधी तो मोबाइलवरून स्पीकरवर लावलेला असतो. माझ्या अंगाला तो फरक कळत नाही. हातावर काटा येतो, आणि मी, सत्तरीतली शहाणीसुरती बाई, पालेभाजी निवडता निवडता रडायला लागते. आधी रडते आणि मग कशासाठी ते आठवतं. क्रम असा उलटा आहे.

माझी लेक पुण्याला असते. डोक्याला मार लागून किंवा झटका येऊन ज्यांची वाचा जाते, त्यांना पुन्हा बोलायला शिकवणं हा तिचा धंदा. ती धंदा हा शब्द वापरू देत नाही, पण मी वापरते. या उलट्या क्रमाबद्दल मी तिला विचारलं तर ती म्हणाली, "आई, त्यात नवल काही नाही. सूर कानातून आत गेला की त्याच्या वाटा फुटतात. एक वाट विचार करणाऱ्या भागाकडे जाते, ती जरा लांबची. दुसरी जवळची. ती थेट खोल आत जाते, जिथे भीती, माया, आठवण ही सगळी एकमेकांना चिकटून बसलेली असतात. तुला विचार करायला वेळ मिळायच्या आधीच तिथे हललेलं असतं." एवढं सांगून तिने मला गुडघ्याचे व्यायाम शिकवले. मी ते करत नाही.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. रस्त्याच्या खात्यात ते मैलकुली होते. आंबेनळी घाटातले काही ठरावीक मैल त्यांच्या टोळीकडे असत. पावसाळ्याआधी गटारं काढायची, दरड आली की दगड बाजूला करायचे, पाऊस ओसरला की खड्ड्यांत खडी भरायची. आठवडाभर ते पोलादपूरला पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे आणि सुट्टीला गावी यायचे. गाव आमचं सावित्रीच्या काठी, तुडीलच्या बाजूला. नाव सांगत नाही. जे सांगणार आहे ते काही एकाच गावात होत होतं असं नाही.

शिमग्याला मात्र दादा चार दिवस रजा काढून घरी असत. खरं तर आमच्या वस्तीत शिमगा नव्हताच. आम्ही बौद्ध. होळी नाही, पालखी नाही, सोंगं नाहीत. पण वरच्या गावात पालखी नाचायची आणि तिच्यापुढे खालूबाजा वाजायचा. दोन ढोल, एक टिमकी आणि सनई, एवढाच आमच्या भागातला हा बाजा. पण शेतं कापून मोकळी झालेली असायची, मध्ये आवाजाला अडवणारं काही नसायचं, आणि तो सरळ आमच्या पडवीत येऊन बसायचा. सणाला तुम्ही नाही म्हणू शकता. आवाजाला दार लावता येत नाही.

बाजा सुरू झाला की दादा भिंतीकडे तोंड करून बसत आणि उजवा गुडघा दोन्ही हातांनी गच्च धरत. खडी फोडून राठ झालेली त्यांची बोटं, तीसुद्धा पांढरी पडायची. मी पाच-सहा वर्षांची असेन. एकदा जवळ जाऊन विचारलं, "दादा, दुखतोय काय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हां गो बाय. दुखतोय."

मी आत गेले आणि करंजाच्या तेलाची बाटली घेऊन आले. दिव्यासाठी ठेवलेलं तेल मी गुडघ्यावर ओतते आहे हे बघून आई ओरडली नाही, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. तेव्हापासून दर वर्षीचा माझा शिमगा ठरून गेला. गावातली पोरं पालखीमागे धावायची आणि मी दादांचा गुडघा चोळायची. माझ्या तळव्यांखाली तो बारीक बारीक उडायचा. मला वाटायचं, दुखणं आत उड्या मारतंय. शाळेत मैत्रिणींना मी ऐटीत सांगायची, "आमच्या दादांचा गुडघा फक्त शिमग्यात उठतो." करंजाचा कडवट वास, बाहेर उतरतं ऊन, आणि वरून येणारी ती सनई. तिचा एक सूर असा होता की तो तीनदा वर चढायचा आणि चौथ्यांदा अगदी हळू खाली यायचा. त्या उतारावर नेमकी मला झोप यायची. दादांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मी कितीदा तरी झोपले आहे. ढोल-टिमक्यांच्या कल्लोळात झोपणारी पोरगी म्हणून आई मला चिडवायची.

दादा आधी त्याच बाजात सनई वाजवत, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण वस्तीतले सगळेच बापये काही ना काही वाजवत. तो आमच्याकडे आलेला हक्क होता, असं वरच्या गावातले लोक म्हणत. आमचे लोक त्याला बिगार म्हणायला शिकले. ज्या वर्षी धर्म बदलला, त्या वर्षी मी आईच्या अंगावर पीत होते. वस्तीची बैठक बसली आणि ठरलं, बाजा बंद. वाद्यं विकायचीही नाहीत, कारण विकली तर दुसरं कुणी वाजवेल. सावित्रीत सोडायची.

ती गोष्ट आई फार रंगवून सांगायची. "वाजत गाजत नाय, अगदी गप्प गेलं सगळं नदीवर. ढोल टाकलं पाण्यात. तर ते बुडाया तयार नाय! तरंगतायत. चार बापये काठ्यांनी ढकलतायत आणि ते परत काठाला. ढकलतायत आणि परत काठाला. मंग माझ्या सासूनं विचारलं, अरे, भरती हाय का ओहोटी, बघितलंत काय कुणी?" ऐन भरतीला ढोल सोडायला गेले होते. खाडीच्या काठी जन्म गेलेले लोक, पण त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग सगळे काठावर बसून राहिले, ओहोटी लागायची वाट बघत, समोर आपापला ढोल घेऊन. आई हसायची आणि मग शेवटचं सांगायची, "तुझ्या दादानं सनई टाकली नाय. वाकून पाण्यात ठेवली. तिला पितळेचा कर्णा व्हता ना, ती लगेच गेली."

दादा स्वतः याबद्दल बोलत नसत. एकदाच बोलले, मी मॅट्रिक झाले तेव्हा. लग्नांत बाजेवाल्यांना मांडवात जागा नसे, हे मला ऐकून ठाऊक होतं. मांडवाबाहेर, जिथे उष्ट्या पत्रावळी पडत त्या बाजूला, जमिनीवर बसून सकाळपासून वाजवायचं. शेवटी वाढतील ते घ्यायचं, तेही वरून सोडलेलं. दादा म्हणाले, "ढोलवाला एखाद् वेळी हात थांबवून बोलू शकतो गो. सनई तोंडात असली का माणसाला नाय म्हणता येत नाय." आणि मग माझ्या निकालाचा कागद चार बोटांनी धरून ते बराच वेळ बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं.

मी शिक्षिका झाले. पोलादपूरजवळ एका शाळेत नेमणूक मिळाली, खोली घेतली. सुट्टीला गावी गेले की विहारात वंदना मी घ्यायची, बायकांना चार गोष्टी सांगायची. आवाज खणखणीत होता आणि मतं त्याहून. चार बुकं शिकले होते आणि नाकापेक्षा मोती जड झाला होता, हे आज सांगायला मला लाज वाटत नाही. तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

पौषातली गोष्ट. घर सारवायला काढलं होतं. वळचणीच्या आड्यावर चुन्याची एक जुनी डबी सापडली. उघडली तर आत फडक्यात गुंडाळलेल्या पाच पत्त्या. ताडाच्या पानाच्या, दोऱ्याने बांधलेल्या, सनईच्या तोंडाशी लावतात त्या. सनई पाण्यात गेली होती, पण तिची जीभ घरात ठेवली होती. बावीस-तेवीस वर्षं.

दादा अंगणात होते. मी डबी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. काय काय बोलले ते सगळं आठवतं आणि सगळं लिहवत नाही. "वस्तीला फसवलंत तुम्ही," हे म्हणाले. "मी लोकांना सांगते आणि माझ्याच घरात हे?" हेही म्हणाले. त्या आठवड्यात शाळेत एका माणसाने माझ्या जातीवरून काहीतरी पुटपुटलं होतं आणि मी गप्प बसले होते. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. मी आत गेले आणि पाची पत्त्या चुलीत टाकल्या. एवढ्या वाळलेल्या होत्या की जळायला वेळ लागला नाही.

मागे वळले तर दादा दारात. ते म्हणाले, "बरा केलास." पाट ओढून बसले आणि आईकडे चहा मागितला.

"बरा केलास" हे ते मनापासून म्हणाले की मला टोचून म्हणाले, हे त्यांच्या तोंडावरून मला कळलं नाही. पुढच्या सुट्टीला विचारू, असं म्हणून मी पोलादपूरला परत गेले.

माघाच्या सुरुवातीलाच घाटात काम करताना दादांच्या अंगावरून वारं गेलं. खड्डा भरायला खाली बसले ते उठलेच नाहीत. टोळीतल्या माणसांनी त्यांना ट्रकमध्ये घालून खाली आणलं, मला शाळेतून बोलावलं, आम्ही त्यांना महाडला नेलं. उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच पुष्कळ, घरी न्या, देखभाल करा. मी रजा टाकली आणि गावी आले.

आठ-दहा दिवसांनी एक शब्द परत आला. एकच. "नाय."

आम्हाला आधी केवढा आनंद झाला. मग लक्षात आलं की सगळ्यालाच नाय. "दादा, चहा देऊ?" "नाय." आणि डावा हात कपासाठी पुढे. "ऊन लागतंय काय?" "नाय," आणि डोळ्यांवर हात. आई एकदा वैतागून म्हणाली, "सगळ्या जन्मात कुणाला नाय बोलला नाय, ते आता एकदम वसूल करतोय." आम्ही दोघी हसलो आणि दादाही डाव्या बाजूने हसले. सनई सोडून जो शब्द त्यांनी मिळवला होता तेवढाच त्यांच्याकडे राहिला होता. हे मला आज सुचतं. तेव्हा मी फक्त त्या शब्दाला घाबरत होते. कारण एका दुपारी, आई नदीवर गेलेली असताना, मी त्यांच्या खाटेशी बसून विचारलं होतं, "दादा, माझ्यावर राग आहे का?"

"नाय," ते म्हणाले.

मला जे उत्तर हवं होतं तेच मिळालं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मी पुन्हा विचारलं, उलटं करून. "मला माफ केलंत का?"

"नाय."

त्या रात्री मी जेवले नाही. नंतर रोज विचारावंसं वाटायचं आणि रोज तोंड मिटायचं. माणूस समोर असतो, डोळ्यांत ओळख असते, आणि त्याच्या-तुमच्यामध्ये एक दार बंद झालेलं असतं ज्याला बाहेरून कडीच नाही. असं दुःख मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही, नवरा गेला तेव्हासुद्धा, पाहिलं नाही.

माघी पौर्णिमेला वस्तीतले लोक आमच्या पडवीत वंदनेला जमले. दादांना विहारात नेता येत नव्हतं म्हणून. मी सुरुवात केली. पहिली ओळ संपायच्या आत माझ्या मागून एक घोगरा आवाज निघाला. मी वळून बघितलं नाही, बघायची हिंमत नव्हती. दादा म्हणत होते. शब्द न् शब्द, चालीवर, कुठेही न अडखळता. लोक म्हणायचे थांबले. मी थांबले नाही. माझा आणि त्यांचा, असे दोनच आवाज शेवटपर्यंत गेले. संपल्यावर मी धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "दादा, माझं नाव सांगा."

"नाय," दादा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

वंदनेतले शब्द ठरलेले. त्यात माझा प्रश्न कुठे बसवू, आणि त्यांनी उत्तर कुठून द्यावं? पुढचे पंधरा दिवस आम्ही रोज वंदना म्हटली. रोज ते माझ्याबरोबर पूर्ण म्हणत आणि संपली की पुन्हा त्या एका शब्दावर येत.

मग राब भाजायला सुरुवात झाली. वाऱ्यावर तो वास आला आणि सवयीने मी करंजाचं तेल काढलं. दादांना डोळा लागला होता. त्यांचा निर्जीव उजवा गुडघा मी चोळायला घेतला तसं आई म्हणाली, "अगो, कशाला? तो कधी दुखलाच नाय."

मी हात थांबवला.

"बाजा लागला का पाय ठेका धराया बघायचा त्येचा. ढोलाच्या हिशेबानं. कोण बघंल म्हणून दाबून धरायचा. तू इचारलंस, दुखतो काय, तर काय सांगणार? एवढीशी व्हतीस." आई सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता पुढे म्हणाली, "आणि त्या पत्त्या. वाजवत नव्हता गो त्या. सनई कुठाय वाजवाया? घाटात जाताना एक खिशात न्यायचा. दुसरं बापये तंबाखू धरतात ना ओठात, तशी धरायचा. वली करून. तेवढाच."

मी तेलाच्या बाटलीला बूच लावायला घेतलं. आईला वाटलं मी ऐकत नाही. ती तशीच सांगत राहिली. "सनई गेली तवा तू रडकी व्हतीस भारी. माझ्यानं निजायची नायस. मंग ह्यो तुला गुडघ्यावर घ्यायचा आणि सनईचा सूर तोंडानं म्हणायचा. हळूच, दार लावून. त्या सुराला शब्द नाय, ह्यो कायबी घालायचा. भात शिजला गो बाय. पाऊस थांबला गो बाय. त्यो सूर खाली आला का तुझा डोळा मिटलाच."

तीनदा वर आणि चौथ्यांदा खाली. मी त्या पत्त्या चुलीत टाकल्या तेव्हा माझ्याच अंगाईची जीभ जाळली होती. बाहेर जाऊन मी गोठ्याच्या भिंतीला डोकं टेकून रडले. त्या भिंतीच्या मातीचा वासही मला अजून आठवतो.

शिमगा गेला तरी कवित्व उरतं म्हणतात. त्या वर्षीच्या शिमग्याचं माझ्यापाशी पंचेचाळीसेक वर्षं उरलेलं आहे. दादा त्याच आषाढात गेले, लावणी चालू असताना. दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत संपलं. शेवटचा शब्द काय होता ते कुणीही ओळखू शकेल. चिखलाच्या पायांनी लोक शेतांतून सरळ पोचवायला आले. वरच्या गावातलेही चार-पाच जण आले होते. त्यांतला एक म्हातारा हळूच म्हणाला, "ह्येच्यासारखा सूर परत आला नाय." मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि न आल्याचं मला वाईट वाटलं.

मागच्या वर्षी लेक आली होती तेव्हा बोलता बोलता मी तिला तिच्या आजोबांचं हे सगळं सांगितलं. वंदना कशी म्हणत आणि बोलता कसं येत नसे. ती उठून बसली. म्हणाली, "असंच होतं, आई. बोलण्याची जागा बहुतेकांची डाव्या बाजूला. तिथे रक्त पोचलं नाही की उजवं अंग आणि बोलणं दोन्ही जातं. गाणं मात्र एका जागी नसतं. उजव्या बाजूला बरंचसं, आणि खाली जुन्या भागांतही. म्हणून बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो. आम्ही त्यावरच काम करतो. ओळखीची, आवडीची चाल घ्यायची, तिच्यावर साधं वाक्य बसवायचं, पाणी हवं, बाहेर जाऊ. रुग्णाचा डावा हात धरून त्याच्याकडून ठेका देववायचा. ठेका महत्त्वाचा. तो त्या चांगल्या बाजूला जागं ठेवतो. महिनोन्महिने केलं तर काहीजण पुन्हा बोलायला लागतात." मग माझ्याकडे बघून ती घाईघाईने म्हणाली, "तेव्हा हे तिथे कुणाला ठाऊक असणार? तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी बरं म्हटलं. ती झोपायला गेली. एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती, आणि ते ऐकल्यानंतर तर सांगणं शक्यच नव्हतं. ती इथे सांगते.

पालखीच्या शेवटच्या दिवशी बाजा परत निघाला होता. आमच्या वस्तीने बाजा सोडल्यापासून वाजवणारे खाडीपलीकडच्या गावाहून आणत. होडीने येत, होडीने जात, आणि जाताना वाजवत जात. वाट आमच्या वस्तीच्या खालून. ऊन उतरलं होतं. दादा पडवीत खाटेवर, पाठीला गाठोडं लावून बसलेले. ढोल जवळ आला तशी मी सवयीने त्यांच्या उजव्या पायाकडे बघितलं. तो पडून होता. पण खाटेवरून खाली सोडलेला डावा पाय हलत होता. आधी अंगठा, मग चवडा, मग सगळा पाय, जमिनीवर, ढोलाबरोबर. शेजारच्या पडवीत माणसं होती, त्यांना दिसत होतं. दादा भिंतीकडे नाही, नदीकडे बघत होते. आणि त्यांच्या घशातून तो सूर निघाला. एकदा वर, दुसऱ्यांदा वर.

मला वाटायचं मला तो सूर येत नाही. मी तो कधी म्हटला नव्हता; म्हणणार कशी? पण तिसऱ्या चढाला माझा गळा त्यांच्या गळ्यात मिसळला होता. आई दारात येऊन उभी राहिली. समोरच्या पडवीतून एक काकी म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमीच चालू केलंत काय?" मला ऐकू आलं आणि मी थांबले नाही. या सुराला शब्द नव्हते. यात काहीही घालता येत होतं. मी त्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि त्या सुरावर, मोठ्याने, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं, घातलं, "राग हाय काय, दादा, राग हाय काय."

सूर चौथ्यांदा खाली यायला लागला आणि त्या उतारावर त्यांचे शब्द आले, स्वच्छ, एका मागोमाग एक, जसे आजारापूर्वी येत.

"गुडघा धर गो बाय. गुडघा धर."

मी तेल आणायला धावले. तेच समजले मी. बाटली घेऊन आले आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यावर तेल ओतून चोळायला लागले. दादांनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं, उचललं आणि माझा हात नेऊन डाव्या गुडघ्यावर ठेवला. तो उडत होता. त्यांनी माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवला आणि खाली दाबला. माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या पडवीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. एवढी वर्षं जे त्यांनी एकट्याने धरलं होतं, ते धरायला आता त्यांचा एक हात पुरत नव्हता.

मी दोन्ही हातांनी दाबलं, तसा पायाचा ठेका जमिनीवर पडेनासा झाला. तळव्यांखाली तो वाजत राहिला आणि दादांच्या घशातला सूर हळूहळू बारीक होत थांबला. खाली बाजा होडीत चढला. होडी पलीकडच्या काठाला लागेपर्यंत मी हात उचलले नाहीत.